बीजेच्या चंद्राला दिलेली दशी

भुताखेताच्या गोष्टी सांगणाऱ्याला मी तोंडावर खोटारडा म्हणायचे. आता लोक माझ्या नवऱ्याला म्हणतात, ते जाऊन चार वर्षं झाली तरी. म्हणून लिहिते आहे. शाळा चौथीपर्यंतच झाली, पण खोटं लिहीत नाही.

आमचे हे रेल्वेत होते. नाशिकरोडला दुसऱ्या मजल्यावर राहायचो. कुणी नाणी जमवतं, हे चिंध्या जमवायचे. इजिप्त-इराणकडच्या, सात-आठशे वर्षांपूर्वी विणलेल्या. सगळ्यात लाडका तुकडा तळहाताएवढा, मुंबईच्या एका बोहरी घरातून मिळालेला. मूळचा कुण्या कबरीतला, असं हेच सांगायचे. त्याच्या किनारीत अरबी अक्षरं विणलेली होती. शेजारच्या अमीनाभाभींना ‘बरकत’ एवढंच वाचता आलं. पुढचं फाटून गेलेलं.

सत्त्याण्णव साली बीजेच्या संध्याकाळी आम्ही गच्चीवर होतो. भाभी चाँद बघायला आलेल्या, मी दशी द्यायला. आमच्यात बीजेच्या कोरीला अंगावरच्या कपड्याचा धागा वाहतात आणि म्हणतात, ‘जुनं घे, नवं दे.’ हे तो तुकडा भाभींना दाखवत होते.

“अगं, तुझ्या लुगड्यापेक्षा हे जुनं!” म्हणत यांनी त्याचा लोंबता धागा ओढला आणि चंद्राकडे उडवला. “घे बाबा जुनं, दे नवं!”

“अहो, दशी आपल्या अंगावरची द्यायची. मेलेल्याची नाही!”

“भाईसाब, चाँद को भी चिंधी दी?” भाभी हसल्या.

सकाळी यांनी चिंध्यांची पेटी उघडली... त्या तुकड्याच्या जागी हातभर कापड. कोरं. खळीचा वास येत होता. ‘बरकत’च्या पुढची अक्षरंही आता पुरी होती.

भाभींनी वाचलं, “बरकत, इसके मालिक को.” मग चेहराच उतरला त्यांचा. मला म्हणाल्या, “बहनजी, कल तो आधा था ना?”

त्याच आठवड्यात पुण्याचे एक जाणकार प्रदर्शनासाठी तुकडा न्यायला आले. भिंग लावलं आणि म्हणाले, “काका, हे गेल्या वर्षीचं विणकाम आहे. या वयात लोकांना फसवता?” यांनी जुना फोटो दाखवला. तर म्हणे, तो तुकडा वेगळा! बाकीची पेटी त्यांनी बघितलीसुद्धा नाही. भाभी मध्ये बोलल्या, तर “तुम्ही शेजारी ना?” म्हणून गप्प बसवलं.

शहाणे मेले! फसवायला तुकडा कारखान्यात करून घ्यायचा असता, तर असा कोरा करकरीत कुणी करेल का?

यांनी परत पेटी उघडली नाही. लबाड हे नाव घेऊनच गेले.

कापड माझ्याकडे आहे. कसं झालं, मला ठाऊक नाही. ज्याला ठाऊक असेल त्यानं सांगावं. दर बीजेला मी गच्चीवर जाते, त्या कापडाचा एक धागा ओढते आणि त्या मेल्या चंद्राला म्हणते — नवं घे, आमचं जुनं दे.

ऐकत नाही.