अंबाजीची पाटी

आमच्या नानांना सकाळचा चहा झाला की नाही हे आठवत नसे, पण पावणेदोनशे वर्षांपूर्वी मेलेल्या माणसाने विहिरीला कोणत्या अंगाने पायऱ्या काढल्या ते मात्र पाठ असे. माझी आई, तारामती, म्हणायची, "मला सासू नाही, सासरा नाही. पण अंबाजी आहे ना! त्या एकट्याचा सासुरवास मला पुरून उरतो."

हा अंबाजी म्हणजे नानांचा सातव्या पिढीतला पूर्वज. परभणीकडे गोदावरीच्या अंगाला एका उजाड माळावर त्याने आमराई लावली, वाटसरूंसाठी विहीर बांधली, म्हणून तेव्हाच्या सरकारने तो माळ त्याला इनाम दिला. एवढं घरात सगळ्यांनाच ठाऊक होतं. नानांना 'एवढं' पुरत नसे. नाना म्हणजे नामदेवराव, हैदराबादला महसुलाच्या दप्तरखान्यात कारकून, काचीगुड्यात दोन खोल्यांचं बिऱ्हाड. सुट्टी मिळाली की स्वारी निघाली अंबाजीच्या मागावर. नाशिकला जाऊन क्षेत्रोपाध्यायांच्या चोपड्यांतून नावं उतरवली. गावच्या भाटाला पोटभर जेवू घालून वंशावळ म्हणवून घेतली. विहिरीच्या दगडावरचं शेवाळ नखांनी खरवडून अक्षरं वाचली. शिक्षण उर्दूतून, त्यामुळे उर्दू-फारसी कागद त्यांना पाण्यासारखे वाचता येत, मोडीही येई. सहीसुद्धा उर्दूतच करत, आणि त्या सहीचा त्यांना भारी अभिमान.

एकदा त्यांनी मोठ्या कागदावर सगळा वंश मांडला. त्याला ते शजरा म्हणत. मी माझं नाव शोधायला लागले.

"शजऱ्यात मुली नसतात, बेटा," नाना म्हणाले.

"मग तुमचा अंबाजी काय आभाळातून पडला?"

आई पदर तोंडाला लावून हसली. नाना हसले नाहीत. अंबाजीची चेष्टा त्यांना खपत नसे.

आमच्या घराण्यात एक रीत होती. आमराईतले पहिले आंबे उतरले की अंबाजीच्या वंशातल्या प्रत्येक घरी आंब्यांची एक पाटी जायची. मोठी, वेताची पाटी. शाखा आता दोनच उरल्या होत्या. एक आम्ही आणि दुसरे हिम्मतराव, नानांचे लांबचे चुलतभाऊ. ते सिकंदराबादला वकिली करत आणि गावची आमराईही तेच बघत. दर वैशाखात त्यांचा सालगडी गाडीने काचीगुडा स्टेशनवर उतरायचा आणि डोक्यावर पाटी घेऊन आमच्या दारात यायचा. आता एरवी कुणी काही पाठवलं तर आपण भांडं रिकामं परत करत नाही, साखर नाहीतर गूळ, निदान चिमूटभर धान्य तरी टाकतो. ही पाटी मात्र रिकामीच परत करायची. कारण ती भेट नव्हे, वाटा. आपल्याच घरचं आपल्याकडे आलं, त्याची परतफेड कसली? आई नवी नवरी असताना तिने पाटीत नारळ ठेवला होता. नानांनी तो उचलून बाहेर काढला आणि म्हणाले, "आपण काय परके आहोत?"

मग पोलीस ॲक्शन झाली. निजामाची राजवट गेली. नानांनी गल्लीत पेढे वाटले, मला खांद्यावर घेऊन तिरंगा दाखवला. आणि ज्या राज्याची एवढी वाट पाहिली, त्याच राज्याच्या कचेरीत नाना अडाणी ठरले! कागद इंग्रजीतून चालायला लागले. नानांना इंग्रजीत आपलं नाव वाचता येई, त्यापुढे सगळा अंधार. काल त्यांना "नामदेवरावसाब" म्हणणारी माणसं आज त्यांच्या हातात फाइल देऊन फक्त "त्या टेबलावर ठेवा" म्हणत. नाना घरी येऊन शजरा उघडून बसत. तिथे त्यांचा मान शाबूत होता.

जहागिरी गेल्या, आणि इनामांची चौकशी सुरू झाली. ज्याला इनाम मिळालं त्याचे आपण वंशज आहोत हे सिद्ध करा, नाहीतर जमीन सोडा. हिम्मतकाका टांग्यातून उतरून थेट आमच्या ओट्यावर आले.

"नामदेवदादा, आता सगळं तुझ्या हातात. अंबाजीपासूनचे कागद तुझ्याशिवाय लावणार कोण?"

नाना एकदम पाच वर्षांनी तरुण झाले. वर्षभर खपून त्यांनी सनद लावली, पिढ्या लावल्या, प्रत्येक नावाखाली आधार लिहिला. ट्रंकेतले सगळे मूळ कागद फडक्यात बांधून काकांच्या स्वाधीन केले. थोड्या दिवसांनी काका टाईप केलेले इंग्रजी कागद घेऊन आले.

"तुझ्याच शजऱ्याचा इंग्रजी तर्जुमा आहे दादा. खाली सही कर. बाकीचं मी बघतो."

आई आतून म्हणाली, "अहो, आपली सरोज इंग्रजी शाळेत जाते. तिला एकदा वाचू द्या की."

नाना भडकले. "घरच्या माणसाचा कागद पोरीकडून तपासून घेऊ? जरा तरी समजतं का तुला?"

काका मान खाली घालून हसले. नानांनी बोरू काढला, झोकात उर्दू सही केली. त्या कागदाची एक नक्कल काकांनी त्यांना दिली, ती त्यांनी रिकाम्या ट्रंकेत अंबाजीच्या जागी ठेवली. कधीमधी काढून नुसती बघायचे. टाईप किती नीटस आहे म्हणायचे.

निकाल आमच्या बाजूने लागला. काकांनी तोंडीच कळवलं, आणि नानांनी पुन्हा पेढे वाटले. त्यांचा हा पेढ्यांचा सोस मला अजून आठवतो आणि अजून संताप येतो.

वैशाखात पाटी आली. आईने आंबे काढून गवतावर मांडले, रिकामी पाटी सालगड्यापुढे सरकवली. तो हलेना.

"काय रे, चहा घेतोस का?" आईने विचारलं.

"तसं नव्हं, बाई. वकीलसाब म्हणले, औंदापासनं पाटी रिकामी आणायची न्हाई. भेट हाय म्हणून सांग म्हणले. वाटा नक्को म्हणू म्हणले, कागदाला बाधतं."

आईच्या हातातला आंबा हातातच राहिला. नाना खुर्चीतून उठले, ट्रंक उघडली आणि तो टाईप केलेला कागद माझ्या हातात दिला.

"वाच. मराठीत सांग."

मी वाचत गेले. शजरा होता, पण अर्धा. नानांच्या पणजोबांपाशी आमची फांदी संपवली होती. त्यांच्या नावापुढे लिहिलं होतं, निपुत्रिक वारले. आणि शेवटच्या पानावर नानांचा हलफनामा होता. मी अडखळत सांगितलं, "मी, नामदेवराव, शपथेवर सांगतो की आडनाव एक असलं तरी मी अंबाजीच्या वंशातला नाही. या इनामावर माझा कसलाही हक्क नाही. जुन्या कागदांचा जाणकार म्हणून मी ही साक्ष देत आहे." खाली ती झोकदार सही.

नानांनी कागद हातात घेऊन आपली सही पाहिली. मग म्हणाले, "अंबाजीचं नाव बरोबर लिहिलंय ना त्यात?"

"हो, नाना."

"बरं."

आई रडायला लागली. नाना आत गेले, देवापुढचा नारळ उचलला आणि स्वतःच्या हाताने पाटीत ठेवला. वर मूठभर साखर पुडीत बांधून ठेवली. सालगडी पाटी घेऊन गेला. ते आंबे आमच्या घरात कुणी खाल्ले नाहीत. आईने ते गल्लीत वाटून टाकले.

नारळ पोचला तसे काका धावत आले. परकेपणाचा नारळ नातलगांत बोभाटा करील हे त्यांना कळत होतं.

"दादा, हे काय? अरे, ते सगळं कागदापुरतं. दोन शाखा दाखवल्या असत्या तर शंभर फाटे फुटले असते. तू सरकारी नोकरदार, चौकशीच्या साहेबाने दोघांनाही उडवलं असतं. मी आमराई वाचवली."

"मग मला सांगायचं होतंस."

"सांगितलं असतं तर सही केली असतीस?"

मी दाराआड उभी होते. केसाने गळा कापणं कशाला म्हणतात ते मला त्या एका वाक्याने कळलं. बरं, वाक्य खरंही होतं. नानांनी सही केली नसती.

काका आवाज उतरवून म्हणाले, "झालं ते झालं. पितृपक्षात आमराईत ये. अंबाजीचा घास ठेवायचा, नावं घ्यायची. तुझ्याशिवाय सातही नावं कुणाला येतात?"

"मी कसा येऊ, वकीलसाहेब?" नाना म्हणाले. जन्मात पहिल्यांदा त्यांनी हिम्मतकाकांना वकीलसाहेब म्हटलं. "मी शपथ घेतलीय. मी साक्षीदार. साक्षीदार घास ठेवत नसतात."

काकांनी पुष्कळ विनवण्या केल्या. आईने त्यांना पाणीसुद्धा विचारलं नाही, आणि मला तिचं कौतुक वाटलं. नातलग म्हणाले, कोर्टात जा. पण मूळ कागद काकांकडे, आणि सही नानांची. ती खोटी आहे असं सांगायला नाना काही तयार होईनात.

भाद्रपदात पितर आले. आईने खीर, वडे, अळूची भाजी केली. नाना पान घेऊन आमच्या काचीगुड्याच्या गच्चीवर गेले, पाण्याची घागर घेऊन मी मागे. त्यांनी घास ठेवला आणि नावं घ्यायला सुरुवात केली. वडील, आजोबा, पणजोबा. पणजोबांपाशी कागदातली आमची फांदी संपत होती. त्यांच्या वरची नावं त्यांनी ओठांतल्या ओठांत घेतली. शेवटी अंबाजी राहिला. नानांनी तोंड उघडलं आणि मिटलं. पुन्हा उघडलं. कठड्यावर कावळा येऊन बसला होता, तोही घासाला शिवेना. नानांनी माझ्याकडे पाहिलं. एवढा लुबाडलेला चेहरा मी त्याआधी पाहिला नव्हता. त्यांचा सगळ्यात जुना माणूस त्यांच्याकडून काढून घेतला होता, आणि तोही त्यांच्याच हाताने.

मग मीच मोठ्याने, सगळ्या गल्लीला ऐकू जाईल असं, म्हणाले, "अंबाजी!"

मी शजऱ्यात नव्हते. पण मी कुठे सहीही केली नव्हती.