धाब्यावरची हातभर माती

सोमवारी सकाळी रिसोडला आमच्या घराच्या धाब्यावर, म्हणजे मातीच्या सपाट छपरावर, फावडं चाललं. पहिला घाव मीच घातला. गल्लीतल्या बाया अजून विचारतात, म्हणून सगळं लिहूनच टाकते...

माझा दिनू पुण्याला इंजिनिअरिंगच्या डिग्रीला आहे. या सुट्टीत आला आणि ट्रंक न उघडताच बसून राहिला. तिसऱ्या दिवशी तोंडातून निघालं... स्ट्रक्चरल डिझाइनच्या पेपरात नापास. बाकी सगळं पास, तेवढं एकच गेलं.

माझे भासरे, म्हणजे दिनूचे मोठे बाबा, शेजारीच राहतात. ते ओट्यावरूनच म्हणाले, "बस झालं तुयं कालेज. बाप गेला, मळ्यात वांगे सडून राह्यले, अन् तू कागदावर घरं बांधतं!" दिनूनं मान खाली घातली. "नाही जात आता," म्हणाला.

दिनूचे वडील मागच्या पोळ्यानंतर तापानं गेले. भाजीच्या पाट्या डोक्यावर वाहून त्यांनी पोराला पुण्याला धाडलं होतं. एका पेपरासाठी ते सगळं मातीत घालायची माझी तयारी नव्हती.

मी शाळेत गेलेली नाही. दिनूच्याच पहिलीच्या पुस्तकावरून अक्षरं लावायला शिकले, मग हाती येईल ते वाचत गेले. इंग्रजी येत नाही, पण त्यातले आकडे ओळखते. ट्रंकेच्या तळातून ते जाड पुस्तक मी काढलं आणि त्याच्यापुढं ठेवलं.

"तुले काय समजन व माय?"

"नको समजू दे. कुठं अडलं ते मले सांग."

त्यानं सांगितलं. आडव्या तुळईवर किती वजन येतं ते आधी काढायचं, मग ती पेलते का ते बघायचं. छपराच्या स्वतःच्या वजनाला डेड लोड म्हणतात... "गणित येते माय. वजन किती धराचं तिथंच चुकते."

म्हटलं, मग आपल्याच घराचं कर. दिवसभर तो टेप घेऊन मधल्या सागाच्या नाटाखाली, म्हणजे आमच्या तुळईखाली, फिरला, दोन पानं भरली. संध्याकाळी म्हणाला, "भक्कम हाये. काई होत नाही."

मी त्या पानांवरून बोट फिरवत गेले. एका ठिकाणी छपराचं चित्र होतं, त्यावर मातीची जाडी मांडलेली... सहा इंच. "हे कुठून आणलं?" तर म्हणे पुस्तकातल्या उदाहरणात तेवढीच आहे.

आता आमच्याकडं काय करतात, तर घर गळू नये म्हणून दर उन्हाळ्यात धाब्यावर खाऱ्या मातीचा नवा थर देतात. जुना थर कोणी काढत नाही. मी लग्न होऊन आले तेव्हा धाब्याचा कठडा माझ्या गुडघ्याला लागायचा, आता घोट्याला लागतो. कठडा काही खाली गेलेला नाही...

दिनू लोखंडी सब्बल घेऊन वर पळाला. मातीखालच्या फळीला लागेपर्यंत ठोकली, बाहेर काढली, मोजली. हातभर माती. त्याच्या आकड्याच्या तिप्पट.

पुन्हा गणित केलं, तर नाट एवढं वजन पेलत नव्हतं. त्यानं वर बघितलं. नाटाला बाक आहे हे आम्ही रोज बघत होतो, जुनं लाकूड म्हणून सोडून देत होतो. त्याच्याच खाली आम्ही झोपतो.

दारात तर नव्या मातीच्या दोन गाड्या येऊन उभ्या. भासऱ्यांनीच मागवलेल्या. त्यांच्याशी समोरून बोलायची आमच्याकडं रीत नाही, म्हणून मी पोराकडं तोंड केलं. "दिनू, मोठ्या बाबाले सांग, माती वर चढवाची नाही. आधी जुनी खाली येईन."

तेही दिनूलाच म्हणाले, "तुया मायले सांग, नापास पोराच्या गणितावर घर उघडं पाडत नसतात."

"त्यायले सांग, गणित मी तपासलं हाये."

गाडीवाले हसले. भासरे तणतणत निघून गेले.

खरी अडचण वेगळीच होती. सगळ्यांत वरचा थर दिनूच्या वडिलांनी दिलेला, मागच्या उन्हाळ्यात. कठड्याच्या आडोशाला त्यांच्या बोटांचे वळ अजून आहेत... होते. मी अधूनमधून वर जाऊन तिथं बसायचे. त्यावर दुसऱ्या कोणाचं फावडं पडू नये म्हणून पहिला घाव मी घातला. तो थर पाट्यांत भरून वेगळा ठेवला.

दिनूनं आधीच नाटाखाली बाभळीचा टेकू दिला होता. पाचर ठोकून इतका घट्ट, की दोघांनी ढकलला तरी हलेना. मग दोन दिवस माती उतरत राहिली.

मंगळवारी दिवस कलता भासरे आत आले. बघायलाच आले असणार. सवयीनं टेकूला हात लावून उभे राहिले आणि टेकू सरकला, पाचर खाली पडली. नाट वर उचललं गेलं होतं. टेकू आणि नाटात बोटभर फट...

भासऱ्यांनी वर बघितलं. "दिन्या, हे खरंच वर आलं का रे?"

"हो मोठे बाबा. वजन कमी झालं नं."

पाचर उचलून त्यांनी दिनूच्या हातात दिली. "वाशीमले रेलगाडीवर सोडाले कवा जाचं ते सांग. बैल मी जुपतो."

नवा थर किती द्यायचा तेही दिनूनंच काढून दिलं. चार बोटं. वेगळी ठेवलेली माती भिजवून मी स्वतः थापली, कमी पडली तेवढी गाडीतली घेतली. उद्या दिनू जाईल, ट्रंकेत ते पुस्तक या वेळी सगळ्यांत वर ठेवलं आहे. त्याच्या वडिलांची माती अजून आमच्या डोक्यावर आहे... आणि नाटाला ती पेलते, हे आता मला मोजून माहीत आहे.