सोफामास्तरांच्या घरी मांजर

मांजराच्या नखांवर ज्याचं पोट चालतं त्याने मांजर घरात आणू नये, असं सोफामास्तरांचं साधं मत होतं. लोकांची मांजरं सोफे ओरबाडत आणि ते सोफे दुरुस्तीला मास्तरांच्या दुकानात येत. गिऱ्हाइकाच्या घरचं मांजर म्हणजे बरकत. आपल्या घरात आणलं तर आपल्याच हाताने पायावर धोंडा.

पण बायकोने हट्ट धरला. ती मुळात हट्टी नव्हती, म्हणून तर नाही म्हणता येईना. गुडघे दुखायला लागल्यापासून पाचव्या मजल्यावरून तिचं खाली उतरणं जवळजवळ बंद झालं होतं आणि लिफ्टचा काही भरवसा नव्हता. मास्तर सकाळी दुकानात जात, दिवे लागल्यावर परतत, आणि बोललेच तर कापडाबद्दल बोलत. माणूस वाईट नव्हता, नजर तेवढी वाईट होती. उसवलेलं काही दिसलं की बाकीचं जग दिसेनासं व्हायचं. बायकोची आई गेल्याचा फोन आला तेव्हा ती सोफ्यावर रडत बसली होती. मास्तर तिच्या पाठीवरून हात फिरवता फिरवता म्हणाले होते, "जरा सरक, मागची शिवण सुटलीय." हा किस्सा ती पुढे हसत हसत सांगायची. ऐकणारेही हसायचे.

शहराबाहेर सोडून दिलेली जनावरं सांभाळणारी एक संस्था होती. तिथल्या ताई आधी घर बघायला आल्या. खिडक्यांना आणि गॅलरीला जाळी हवी, मांजर दाराबाहेर पडता कामा नये, आणि हरवलं तर आमच्याकडून दुसरं मिळणार नाही, असं त्यांनी बजावलं. जाळी मास्तरांनी स्वतः लावली, खेचून ताठ. मग एक करडी, थोराड मांजरी आली. आधीचे मालक घर बदलताना तिला रिकाम्या खोलीत बंद करून गेले होते. तेव्हापासून घाबरली की ही ओरडत नाही, आहे तिथे गप्प बसते, असं ताईंनी सांगितलं. वाघाची मावशी म्हणून बायकोने तिचं नाव मावशीच ठेवलं. मास्तर मात्र "तुझी मावशी" म्हणत, म्हणजे जबाबदारी कोणाची याबद्दल घोळ नको.

हळूहळू घराला आवाज आला. बायको दिवसभर मावशीशी बोलायची. शेजारीण एकदा विचारून गेली की पाहुणे आलेत का. मास्तरांना हे कळलं, पण त्यात विचार करण्यासारखं काही आहे असं त्यांना वाटलं नाही.

एका सकाळी बायको अंघोळीला गेली होती. मास्तर दुकानातून फोमचा एक मोठा तुकडा घेऊन वर आले. तो आत ओढताना दार थोडा वेळ उघडंच राहिलं. दार लावून वळले तर घरच्याच सोफ्याच्या तळाचं काळं कापड एका कोपऱ्यात लोंबताना दिसलं. हा मावशीच्या नखांचा प्रताप. सोफामास्तरांच्या घरात असा सोफा! पिशवीतून पिना मारायची गन काढून ते गुडघ्यावर बसले, कापड ओढलं आणि कडेने पटापट पिना मारून दिल्या. मग समाधानाने दुकानात गेले.

दुपारी बायकोचा फोन आला. मावशी कुठेच नव्हती. मास्तर घरी पोचले तेव्हा कपाटांतलं सामान, पलंगाखालचे खोके सगळं बाहेर आलं होतं आणि बायको खाली वाहनतळावर एकेका गाडीखाली वाकून हाका मारत होती. पाच मजले ती जिन्याने उतरली होती. दार उघडं राहिलं होतं का, एवढंच तिने विचारलं. राहिलं होतं, थोडा वेळ. मग तिने ताईंना फोन करून मांजर हरवल्याचं सांगितलं.

वर आल्यावर ती खुर्चीत बसली आणि म्हणाली, "तुम्हाला ती नकोच होती."

मास्तरांना ते लागलं, कारण ते खोटं नव्हतं. सोफ्यावर बसून ते बुटांची नाडी सोडायला वाकले आणि तळाकडे नजर गेली. सकाळी ताणून बसवलेल्या कापडाला मधोमध पोट सुटलं होतं. आपलं काम आणि असं ढिलं? इतक्या गोंधळातही त्यांनी गन हातात घेतली, खाली बसले आणि कापड किती सैल झालंय ते बघायला तळहात लावला. कापड गरम होतं. आणि श्वास घेत होतं.

गन बाजूला पडली. कात्रीने त्यांनी कड हळूच कापली आणि पोटावर झोपून आत पाहिलं. स्प्रिंगांच्या खाली मावशी अंग चोरून बसली होती. डोळे उघडे, आवाज नाही. हात पुढे केला तर तिने बोचकारलं. मास्तरांनी हात मागे घेतला नाही.

"सापडली का?" बायकोने विचारलं.

"मीच शिवून टाकलं तिला आत," मास्तर जमिनीवरूनच म्हणाले. "बघितलंच नाही गं. फाटलेलं दिसलं की आत कोण बसलंय ते मला दिसतच नाही."

"हे मला आपलं लग्न झाल्यापासून माहीत आहे," ती म्हणाली. रागाने नव्हे, चहा झालाय हे सांगावं तशी.

मग तिने ताईंना कळवलं, पाण्याची वाटी सोफ्याशी ठेवली आणि गुडघ्यांची कुरकुर न ऐकता मास्तरांच्या शेजारी खाली बसली. मावशी बाहेर यायला तयार नव्हती. तिला ओढायचं नाही, असं दोघांनी ठरवलं.

बराच वेळ गेल्यावर मास्तरांनी विचारलं, "तू दिवसभर काय करतेस गं घरात?"

बायकोने त्यांच्याकडे नीट पाहिलं. हा प्रश्न तिला नवा होता.

"सकाळचं सांगू की दुपारचं?"

"दोन्ही," मास्तर म्हणाले, आणि तसेच पडून राहिले.