‘कै.’ भेटायला आले तेव्हा

नारायण पेठेतल्या एका लहानशा छापखान्यात मी लग्नपत्रिकांची प्रुफं वाचायचे. या कामाने माणसाचा स्वभाव बिघडतो. लग्नाला गेले की वधूवरांकडे बघायच्या आधी मी कमानीवरचं ‘शुभविवाह’ बघते. ते शुद्ध निघालं तर उगाच थोडी निराशा होते.

आमचे ‘हे’ काही वर्षांपूर्वी कंपनीतून निवृत्त झाले. पहिल्या महिन्यात त्यांनी माझे मसाल्याचे डबे उंचीप्रमाणे लावले. दुसऱ्या महिन्यात मी ते परत माझ्या पद्धतीने लावले. मग ते सोसायटीच्या पाण्याच्या टाकीकडे वळले आणि कोथरूडातल्या आमच्या इमारतीला पाणी किती वाजता येतं, किती वाजता जातं आणि का जातं, यावर त्यांचा अधिकार निर्माण झाला. पण टाकीशी बोलून बोलून माणूस किती बोलणार? त्यांनी माझ्यामागे लकडा लावला.

“आता बास कर. डोळे जातील.”

“माझे डोळे ठणठणीत आहेत.”

“मग ते असतानाच बास कर.”

निवृत्त व्हायला मी तयार आहे का, हे खरंच मला कळत नव्हतं. सकाळी बसची वाट बघताना वाटायचं, पुरे. दुपारी एखाद्याच्या ‘अशिर्वादा’ला ‘आशीर्वाद’ केलं की वाटायचं, मी गेल्यावर या शहराचं कसं होणार? लेकीने मोबाइलवर एक चाचणी पाठवली, ‘तुम्ही निवृत्तीला तयार आहात का?’ कुणीतरी मराठीत आणलेली होती. पहिल्याच ओळीत ‘निवृत्ति’ ऱ्हस्व. मी सगळ्या चुका दुरुस्त करून चाचणी तिला परत पाठवली. उत्तरं द्यायची राहून गेली.

शेवटी पावसाळ्याच्या तोंडावर रोजच्या कटकटीला कंटाळून मी यांना सांगून टाकलं, “ज्या दिवशी माझ्या नजरेखालून चूक सुटून छापली जाईल, त्या दिवशी मी थांबेन. तोवर विषय काढायचा नाही.”

हे मी गर्वाने बोलले होते. यांनी ते कामकाजाच्या भाषेत घेतलं. दुसऱ्या दिवशी भिंग आलं. मी नमुन्याला घरी आणलेली प्रत्येक पत्रिका जेवणाच्या टेबलावर दिव्याखाली जाऊ लागली. इंजिनियर माणूस, आयुष्यभर यंत्रांतले दोष काढलेले, त्यामुळे चिकाटी भरपूर होती. शुद्धलेखनाचा मात्र आनंदच होता.

“सापडली!” एका संध्याकाळी ते ओरडले. “स्वरुची भोजन! सुरुची पाहिजे.”

“स्वरुची म्हणजे ज्याने त्याने आपल्या आवडीने वाढून घ्यायचं. सुरुची म्हणजे चविष्ट. ते चविष्ट असेल याची हमी छापखाना कशी देणार?”

ते भिंग पुसत बसले. पुढच्या आठवड्यात ‘सहकुटुंब सहपरिवार’वर आक्षेप आला, एकच गोष्ट दोनदा कशाला म्हणून. मी म्हटलं, एकदा म्हटलं की पुण्यात एकच माणूस जातो.

असं हसतखेळत चाललं होतं. दिवाळी उरकली, तुळशीच्या लग्नानंतरच्या मुहूर्तांच्या पत्रिका धडाधड सुटायला लागल्या, आणि एका सकाळी छापखान्यात एक आजोबा आले. पंचाऐंशीच्या आसपासचे, अंगात बिनबाह्यांचा स्वेटर, हातात आम्ही छापलेली पत्रिका. मालकीणबाई उठून उभ्या राहिल्या. त्या माझ्या लेकीच्या वयाच्या, वडिलांमागे छापखाना सांभाळतात, आणि गिऱ्हाईक हातात पत्रिका घेऊन परत आलं की आधी पुन्हा छपाईचा खर्च मनात मांडतात.

“हे तपासतं कोण?” आजोबांनी विचारलं.

मालकीणबाईंनी माझ्याकडे बघितलं. मी म्हटलं, “मी.”

“छान तपासता आपण. अनुस्वार सगळे जागच्या जागी आहेत. मीच तेवढा जागेवर नाही.”

त्यांनी पत्रिका माझ्यासमोर ठेवली आणि एका ओळीवर बोट टेकवलं. नवऱ्यामुलाच्या आजोबांचं नाव होतं आणि नावाच्या आधी ‘कै.’ होतं.

“हे कैलासवासी म्हणजे मी,” ते म्हणाले. “नमस्कार.”

मालकीणबाईंनी घाईघाईने आजोबांच्या मुलाने दिलेला मजकूर शोधून काढला. त्यातही ‘कै.’च होतं. कसं झालं ते लगेच कळलं. सगळ्याच घरांत हे होतं: भावकीतल्या कुणाची तरी जुनी पत्रिका समोर घ्यायची आणि नावं तेवढी बदलून द्यायची. त्या दुसऱ्या घरचे आजोबा खरोखरच गेलेले होते. त्यांचं नाव निघालं, त्यांचं ‘कै.’ तिथेच राहिलं, आणि हे आजोबा त्याच्या पुढ्यात येऊन बसले.

“म्हणजे चूक छापखान्याची नाही, पार्टीची आहे,” मालकीणबाईंचा जीव भांड्यात पडला.

“चूक कुणाची का असेना,” आजोबा म्हणाले, “गेलोय मी.”

मी चाचरत म्हटलं, “मुळात होतं तसंच आहे हो. ‘कै’वर दोन मात्रा आहेत, पुढे टिंब आहे...”

“म्हणजे शुद्धलेखनाच्या दृष्टीने मी बरोबर वारलो.”

मला हसू आवरेना. मालकीणबाई टेबलाखाली काहीतरी पडल्यासारखं करून खाली वाकल्या. आजोबांचा चेहरा मात्र हलला नाही. मालकीणबाईंनी वर येऊन सांगितलं की पत्रिका आम्ही पुन्हा छापून देऊ, तर ते नको म्हणाले. पत्रिका वाटून झाल्या होत्या. नातेवाइकांचे फोन येत होते. “मी उचलला की पलीकडे एकदम गप्प होतात. काहीजण सॉरी म्हणतात. निवृत्त झाल्यापासून इतके फोन मला कधी आले नव्हते.”

“मग आम्ही काय करू?” मी विचारलं.

“काही नाही. हे वाचतं कोण, ते बघायला आलो होतो. आमच्याकडे कुणी वाचत नाही. आठवडाभर ही फ्रिजवर लावलेली होती. मुलगा रोज दूध काढतो, सूनबाई भाजी काढते, नवरदेव रात्री येऊन काय काय काढतो. त्याने तर हिचा फोटो काढून सगळ्यांना पाठवला. कुणाला काही खटकलं नाही.” त्यांनी पत्रिकेची दुमडलेली कड सरळ केली. “मला आपली शंका आली, की त्यांना ते बरोबरच वाटलं असेल.”

आता मला हसू आलं नाही. मी लाल पेन घेतलं, त्यांच्या पत्रिकेतलं ‘कै.’ खोडलं आणि समासात नीट ‘श्री.’ लिहिलं, जसं प्रुफावर लिहिते तसं. त्यांनी पत्रिका लांब धरून वाचली. “अक्षर सुरेख आहे,” म्हणाले, आणि ती स्वेटरच्या आत, सदऱ्याच्या खिशात ठेवून निघाले. बाहेर ते रिक्षावाल्याशी चढ्या आवाजात भांडताना ऐकू आले, तेव्हा मला बरं वाटलं.

बसमध्ये मी माझी केस मनातल्या मनात दोन्ही बाजूंनी लढवली. चूक छापली गेली होती. माझ्या नजरेखालून गेली होती. पण मजकुरात जे आहे ते छापलंय की नाही, एवढंच मी बघायचं असतं. कोण हयात आहे आणि कोण नाही, हे मला कसं कळणार? दुसरीकडे, जिवंत माणूस माझ्या टेबलावरून कैलासाला गेला होता आणि मी त्याचं टिंब तपासत बसले होते. कोथरूड आलं तेव्हा मी हरले होते.

घरी हे टेबलाशी भिंग घेऊनच बसले होते. मी चप्पल काढता काढता सगळं सांगून टाकलं. आता हा माणूस उड्या मारणार, लेकीला फोन लावणार, अशी मी तयारी ठेवली होती. त्यांनी पूर्ण ऐकून घेतलं. थोडा विचार केला.

“ही चूक पार्टीची,” ते म्हणाले. “मी धरत नाही.”

“अहो, पण छापली गेली ना!”

“मजकुरात तसंच होतं. तुझ्या नावावर नाही लागत. असं फुकटचं जिंकण्यात मजा नाही.”

इतका सज्जनपणा मला अपेक्षित नव्हता. मी त्यांच्याकडे बघितलं. म्हणजे नीट, ओळीओळीने बघितलं. बऱ्याच दिवसांत बघितलं नव्हतं बहुतेक, कारण उजव्या कानामागे काहीतरी करड्या रंगाचं होतं आणि त्यातून एक पातळशी नळी कानात गेली होती.

इथे सांगायला हवं की यांना दोनेक वर्षं कमी ऐकू येत होतं. यंत्र घ्या म्हणून मी आणि लेकीने डोकेफोड केली होती. “मला ऐकायचंच काय असतं दिवसभर?” हे त्यांचं उत्तर ठरलेलं. त्यामुळे घरात मी कायम वरच्या पट्टीत बोलायचे आणि जे त्यांच्यासाठी नसेल ते ओट्याशी पुटपुटायचे.

“हे काय आहे?”

“यंत्र.”

“कधी घेतलंत?”

“गणपतीच्या आधी.”

मी खुर्चीत बसले. गणपती, नवरात्र, दिवाळी. तीन सण हा माणूस कानात यंत्र घालून माझ्यासमोर जेवत होता.

“म्हणजे मी ओट्याशी जे बोलते ते...”

“ऐकू येतं.”

“भाऊबीजेला तुमच्या बहिणीबद्दल...”

“तेही. शब्दरचना चांगली होती.”

“आणि मी इतकी ओरडून बोलत होते तर सांगायचं नाही?”

“म्हटलं, तू तपासणारी बाई. दिसेल तुला.”

मला एकदम रडू येईल असं वाटलं, म्हणून मी रागावून विचारलं, “दोन वर्षं नाही नाही म्हणत होतात, मग आत्ताच कसं घ्यावंसं वाटलं?”

ते भिंग डबीत ठेवत होते. डबी काही केल्या बंद होईना.

“तू म्हणालीस ना, थांबेन म्हणून. मग तू दिवसभर घरी असणार. बोलणार. ऐकू यायला नको?”

मी उठून ओट्याशी गेले. त्यांच्याकडे पाठ केली, नळ थोडा सोडला आणि अगदी हळू, मला स्वतःलाही जेमतेम ऐकू येईल इतक्या आवाजात म्हटलं, “सोडते मी काम.”

“कधीपासून?” त्यांनी मागून विचारलं.