मऊ केलेले रान

मोतीशेटांनी मला फसवले आणि मी चोपड्याकडच्या सुपडूआबांना फसवले. पहिले सांगून दुसरे झाकणाऱ्यांतला मी नव्हे.

मोतीशेट जळगावचे लोखंडी नांगरांचे एजंट, मी त्यांचा फिरता विक्रेता. त्याआधी बारा वर्षे मी खांद्यावर पेटी घेऊन सुया, कंगवे विकत हिंडलो होतो. निघताना शेटांनी बजावले, "वकिलाशी पुस्तकी बोला, पाटलापुढे पागोटे सारखे करा, शेतकऱ्याशी त्याच्या बोलीत बोला." हे मला शिकवायला नको होते. आणि जळगावजवळ मेहरूणच्या मळ्यात शेटांनी भरवलेल्या प्रात्यक्षिकात एकच साधी बैलजोडी तो नांगर ओढताना मी स्वतः पाहिली होती.

चैत्रात तापी नावेने ओलांडली. पलीकडे धुरकट सातपुडा, विहिरींच्या आसपास केळीची हिरवळ, बाकी काळे रान तापून भेगाळलेले. सुपडूआबांच्या ओसरीवर कळण्याची (ज्वारी-उडदाची) भाकरी आणि ठेचा खाल्ला. त्यांच्या शेतात कुंदा (खोल मुळाचे तण) माजला होता.

"भाऊ, मन्हा बैल ल्हाना शेतस. त्यास्ले हाऊ नांगर झेपी का?" (माझे बैल लहान आहेत, त्यांना झेपेल का?)

"आबा, मी तुमनाच पोऱ्या शे. खोटं सांगसू का?" (मी तुमचाच पोरगा आहे. खोटे सांगेन का?)

आबा हसले. "आपली बोली बोलस तू. मंग लेस मी." (मग घेतो.)

सोबत आणलेला नांगर आबांना देऊन मी जळगावला आलो आणि चाळीसगावमार्गे आगगाडीने धुळ्याला गेलो. तिथे शेटांच्या नांगराचे प्रात्यक्षिक दुसऱ्या दिवशी होते. उतावळा स्वभाव, मी आदल्या दिवशीच शेत पाहायला गेलो. पांझरेकाठी दोन गडी लाकडी नांगराने तेच रान उकरत होते, मागून पाणी सोडलेले.

"हाई काय चाललं?" मी विचारले.

"सकाय लोके येतीस ना! (उद्या लोक येतील.) म्हनीसन जमीन नरम करी राह्यनूत. नेहमी असंच करतस."

म्हणजे मेहरूणचा मळाही असाच मऊ केलेला. बाजारात वांगे घेताना मी देठ मोडून पाहतो. मेहरूणला फाळ वाजवून पाहिला, भावावरून तासभर भांडलो, पण पायाखालचे ढेकूळ हातात घेतले नाही.

सकाळी शेट आले. मी ओरडलो तरी त्यांचा आवाज चढला नाही. "अहो, लुगडे दाखवताना फाटका पदर कोणी वर करतो का? तुम्ही कंगवे विकलेत. मोडका दात गिऱ्हाइकाला दाखवत होतात?"

दाखवत नव्हतो. म्हणूनच ते वाक्य जास्त झोंबले. छत्री तिथेच आपटून मी स्टेशन गाठले.

सुपडूआबांच्या बांधावर नांगर उलटा पडला होता, त्यावर कोंबडी बसलेली. डाव्या बैलाचा खांदा सुजून सोलवटला होता. आबा हळद-तेल लावत होते. मी सगळे सांगितले, नांगर परत नेतो म्हणालो. त्यांनी मान वर केली नाही.

"ली जाय. पन भाऊ, आते इकाले येशी तवय शहरनी बोली बोल. आमनी नको." (घेऊन जा. पण आता विकायला येशील तेव्हा शहरी बोली बोल. आमची नको.)

परतताना नावाड्याने बोलीत गाव विचारले. उत्तर ओठांवर आले आणि मी पुस्तकी मराठीत दिले.

मोतीशेट, माझा जबाब मी आबांपुढे दिला आहे. आता तुमचा. वैशाखात चोपड्याला या, पाणी न सोडलेल्या त्या रानात नांगर धरा, आणि त्या बैलाच्या खांद्यावर हात ठेवून सांगा, तो एका जोडीने ओढला जातो. कोणत्याही बोलीत सांगा.