फडक्यातली कुऱ्हाड

आमचा सुतार जंगल समितीचा अध्यक्ष झाला आणि लोक त्याला फौजदार म्हणू लागले. रोपं वाढेपर्यंत जंगलाचा जो भाग बंद ठेवलेला, तिथे कुणी तोड केली की हा कुऱ्हाड काढून घ्यायचा आणि समितीच्या खोलीत सगळ्यांना दिसेल अशी टांगायचा. कसली ती मिजास! शेजारच्या मावशीने हातापाया पडून विनवलं, तरी तिचीही टांगली. स्वतःच्या घरात सरपण आहे का, हे बघायला मात्र याला सवड नव्हती.

परवा पहाऱ्यावरच्या बायकांनी बंद भागात सापडलेली कुऱ्हाड बैठकीत आणली, पण फडक्यात गुंडाळून. "राहू दे रे, नंतर बघ," त्या म्हणाल्या.

"नंतर कशाला? सगळ्यांसमोर बघू!" म्हणत त्याने फडकं ओढलं.

दांडा त्यानेच तासलेला होता, बायकोच्या मुठीच्या मापाचा. ती कोपऱ्यात मान खाली घालून बसली होती. फौजदाराला मेल्याहून मेल्यासारखं झालं. लोक हसले असते तर परवडलं असतं, पण कुणी हसलं नाही.

मावशी तेवढी त्याच्या बायकोला म्हणाली, "सरपण संपलं होतं, तर माझ्याकडे मागायचं की गं."