ताईला सांगायचं नाही

ताई गेल्याची बातमीसुद्धा मला खरी मिळाली नाही. छावणीच्या बाजारात मोसंब्या दाबून बघत उभा होतो, तेवढ्यात बायकोचा, सुनंदाचा फोन आला. "घरी या." म्हटलं, काय झालं? "काही नाही. तुम्ही या." आमच्या घरात कित्येक महिने 'काही नाही' हेच नाणं चालत होतं आणि ते पाडणारी टांकसाळ मीच होतो. त्यामुळं खोटं नाणं हातात पडताक्षणी ओळखलं. फळवाला मागून ओरडत राहिला, "चाचा, थैली तो लेके जाव!" थैली तिथंच राहिली... त्याला आता काही आठवडे झाले. लोक भेटतात, ताईंचं काम केवढं होतं म्हणतात. मी मान हलवतो. माझ्या डोक्यात मात्र परवापर्यंत एकच किडा वळवळत होता : आपण मरणार आहोत, हे ताईला माहीत होतं का?

कुसुमताई माझी थोरली बहीण. पोलीस ॲक्शन झाली त्याच्या पुढच्या साली देवगाव रंगारीला जन्मली. लग्न केलं नाही, कायम आमच्याच घरी राहिली. आधी नर्स झाली आणि मग शहरातल्या एका आरोग्य संशोधन संस्थेत गेली. तिथं तिचं काम काय, तर घरोघरी जाऊन विचारायचं. बाळंतपणात तुझ्याजवळ कोण होतं, डॉक्टर काय बोलले, त्यातलं तुला काय समजलं, भीती कशाची वाटली. ज्या घरात माणूस गेला असेल तिथं विचारायचं, शेवटचे दिवस कसे गेले, त्याला आजाराचं सांगितलं होतं का. औषध द्यायचं नाही, सल्ला द्यायचा नाही, नुसतं ऐकायचं. मला या धंद्याचा कायम संशय यायचा. लोकांच्या जखमेवरची खपली काढायची आणि वर त्यांचीच सही घ्यायची, हे कसलं संशोधन? गावातल्या लोकांनाही तेच वाटायचं. कुणी म्हणायचं विम्याची माणसं, कुणी म्हणायचं रेशन कापायला आलेत. कन्नडकडच्या एका वस्तीवर एका धनगर म्हातारीनं ताईला खालून वर न्याहाळलं आणि विचारलं, "पोरी, तुला लेकरू नाय, तू बाळंतपणाचं इचारून काय करती?" ताई म्हणाली, "म्हणून तर इचारते मावशी, मला काय म्हाईत?" म्हातारी खदाखदा हसली आणि घोंगडीवर सरकून तिनं ताईला जागा केली. मला नाही केली. मी उन्हात स्कूटरजवळ.

हो, स्कूटर माझी. सुट्टीच्या दिवशी ताईला खेड्यापाड्यांत नेऊन आणायची जबाबदारी मी आपण होऊन घेतली होती आणि त्या संशोधनाचं जेवढं नुकसान करता येईल तेवढं इमानानं केलं. एकदा लोक बिचकलेले दिसले म्हणून मी खणखणीत आवाजात सांगून टाकलं, "घाबरू नका, आम्ही सरकारी माणसं नाही!" तोवर कुणाच्या डोक्यात सरकार नव्हतं. पटापट दारं लागली. पण माझा खरा पराक्रम हर्सूलच्या पलीकडच्या एका घरातला. ताई आत सुनेशी बोलत होती आणि मी बाहेर बाजेवरच्या म्हाताऱ्याला सोबत करत होतो. त्याच्या पोटात गाठ असल्याचं मला ताईकडूनच कळलं होतं. माणूस हडकलेला, तरी डोळे मिश्कील. मला वाटलं, धीर द्यावा. म्हटलं, "बाबा, आजकाल कॅन्सरला कुणी भीत नाही." म्हातारा म्हणाला, "बराबर हाय. पर झालाय कुणाला?"

त्याचा मुलगा माझ्यासाठी पाणी घेऊन येत होता. तो तांब्यासकट उंबऱ्यात थिजला. म्हाताऱ्यानं एकदा मुलाकडं पाहिलं, एकदा माझ्याकडं पाहिलं आणि भिंतीकडं तोंड करून पडून राहिला... मुलगा ताईला एवढंच म्हणाला, "बाई, तुम्ही या कवाबी. पर ह्यो माणूस परत आमच्या दारात नको."

 परतीच्या वाटेवर हर्सूलच्या तुरुंगाजवळ आल्यावर ताई मागून म्हणाली, "तुला इथंच उतरवून देऊ का?" मी चिडलो. "पण त्याला कळायला नको का? त्याचंच मरण आहे ना?" तेव्हा ती म्हणाली, "कळावं का नाही, हे ठरवणारा तू कोण? अन् त्याचा पोरगा तरी कोण? किती ऐकायचंय, हे आधी त्यालाच इचारायचं असतं, येडपटा." यातलं शेवटचं वाक्य मी वाऱ्यावर सोडलं आणि पहिलं तेवढं गाठीला बांधलं. आजाऱ्यापुढं पुन्हा खरं बोलायचं नाही!

ही गाठ कामाला आली ती थेट ताईच्या आजारात. डॉक्टरांनी मला एकट्याला आत बोलावलं, रिपोर्ट दाखवला आणि विचारलं, पेशंटला सांगायचं का? मी डोळ्याचं पातं न लववता म्हणालो, नाही. जिनं आख्खा जन्म घरोघरी 'तुम्ही त्यांच्यापासून का लपवलंत?' हे विचारण्यात घालवला, तिच्यापासून लपवायला मी निघालो होतो. तिला अल्सर सांगितला. औषधांच्या बाटल्यांवरच्या चिठ्ठ्या खरवडून काढल्या. दवाखान्याच्या दर्शनी भागावर रोगाचं नाव मोठ्या अक्षरांत होतं, म्हणून पुढं खोदकाम चालू आहे अशी थाप मारून रिक्षा मागच्या गेटनं घ्यायला लावली. ताई म्हणाली, "बरं." आत केस गेलेल्या माणसांच्या रांगेत बसल्यावर तिनं हळूच विचारलं, "बापू, हे समदे अल्सरवालेच का रे?"

"तसलंच काहीतरी."

"लई वाढलाय मग अल्सर."

मी तिच्या चेहऱ्याकडं चोरून पाहिलं. काही पत्ता लागला नाही. पुढं पुढं तीच मला विचारायला लागली. नीट जेवतोस का, झोप लागते का, मनातलं कुणाशी बोलतोस का... मला पक्का संशय आला की ही मला घोळात घेते आहे. मी कोर्टातल्या साक्षीदारासारखी तोलून मापून उत्तरं द्यायचो. माझ्या हुशारीवर मी लई खूश होतो.

परवा तिच्या संस्थेतली तबस्सुम आली. ताईच्या हाताखाली तयार झालेली पोरगी. संमतीचा कागद पुढं ठेवून म्हणाली, "मामा, ताईंच्या शेवटच्या दिवसांबद्दल बोलाल? घरच्यांचा अनुभव पायजे." मी कागद उलटा सुलटा करून पाहिला. तुला कुणी पाठवलं? डॉक्टरनं? आमची चूक काढायला आलीस का? या शहरात दुसरी घरं नाहीत का? खेड्यातल्या माणसांनी ताईला जे जे ऐकवलं होतं ते सगळं मी त्या पोरीला ऐकवलं, वर थोडं पदरचं. तिनं शांतपणे ऐकून घेतलं आणि म्हणाली, "ताईंनीच सांगून ठेवलं होतं, मामा. माझ्या घरी जा, पण लगेच नको. अन् भाऊ आधी भांडेल, त्याला भांडू दे."

"कधी सांगितलं?"

"रिपोर्ट आला तेव्हाच. त्या एकट्याच रिक्षानं डॉक्टरकडे जाऊन सगळं विचारून आल्या होत्या. आम्हाला म्हणाल्या, माझ्या भावाला कळू देऊ नका."

माझा विश्वास बसला नाही. लोकांना बोलतं करायची ही संस्थेची युक्ती असणार. मी सुनंदाला हाक मारली. ती पदराला हात पुसत आली आणि आमच्या दोघांच्या तोंडांकडं बघून दारातच थांबली. विचारलं, "ताईला माहीत होतं?"

"व्हय."

"अन् तुला?"

"मला त्यांनीच सांगितलं."

"मग मला का नाही?"

तिनं पुसलेलेच हात पुन्हा पदराला पुसले. मग म्हणाली, "ताई म्हनायच्या, त्याला लपवू दे. लपवतोय तोवर उभा हाय. म्हाईत पडलं की बसल खाली." मग पुढं म्हणाली, "भ्यायच्या हो कधी कधी. रडायच्या बी. तुम्ही भाईर गेलात की माझा हात धरून बसायच्या."

म्हणजे मोसंब्या गल्लीच्या तोंडाशी मिळत असताना ताईला छावणीच्याच का लागायच्या, ते आता कळलं. मी ऊन डोक्यावर घेऊन फळं निवडत होतो आणि इकडं माझी बहीण तेवढ्यात घाईघाईनं भिऊन घेत होती. मी परत यायच्या आत डोळे पुसून तयार. किती ऐकायचंय हे मी तिला विचारलं नाही. तिनं मात्र मला किती झेपेल हे बरोबर जोखलं. याचा राग येतो... आणि राग कुणावर काढावा तेही कळत नाही. डॉक्टर, बायको, तबस्सुम, सगळे एका बाजूला होते आणि पलीकडं मी एकटा, तोंडावर बोट ठेवून.

तबस्सुमनं विचारलं, "सुरू करू, मामा? नको असेल तर नको. कुठूनही सुरुवात केली तरी चालेल."

मी म्हटलं, लाव तुझं यंत्र. तिनं रेकॉर्डर टेबलावर ठेवला, त्याचा लाल दिवा लागला. सुनंदा पहिल्यांदाच माझ्याशेजारी येऊन टेकली. मी घसा खाकरला. "एक मिनिट," म्हणून उठलो. ताईच्या खोलीचं दार अर्धवट उघडं होतं. आत तिची रिकामी खाट, पायथ्याशी घडी केलेली सोलापुरी चादर. मी दार आवाज न करता ओढून घेतलं, कडी लावली आणि परत येऊन, आवाज जेवढा खाली घेता येईल तेवढा घेऊन, बोलायला लागलो.